पाटाच्या कडेची सायकल

गेल्या उन्हाळ्यात आमच्या धर्मग्रामातील जुन्या शाळेचे पत्रे बदलण्याचे काम निघाले. माळ्यावरचे सामान उतरविताना मोडक्या बाकांच्या आड एक सायकल सापडली. साखळी गळून गेलेली, टायरांची भुकटी झालेली. मात्र हँडलवरची पितळी घंटी शाबूत होती आणि कॅरिअरला सुतळीने बांधलेली लाकडी फळीही जागच्या जागी होती. ‘ही कोणाची?’ असे मी जमलेल्या मंडळींना विचारले. तरुणांना काहीच सांगता येईना. शेवटी एक वृद्ध बाई पुढे आल्या, त्यांनी घंटीवरून हात फिरविला आणि म्हणाल्या, “फादर, ही मास्तरांची.”

“कोणत्या मास्तरांची?”

“मास्तर होते ना पूर्वीचे. रविवारी प्रार्थना घ्यायचे ते.”

नाव त्यांनाही आठवेना. आमच्या धर्मग्रामाच्या नोंदवहीत आजवर झालेल्या सर्व धर्मगुरूंची नावे सनावळीसह आहेत. ज्याने ही सायकल झिजविली त्याचे नाव मात्र कोठेही नाही. त्या दिवसापासून सायकल आणि रस्ता यांच्या इतिहासाचा विचार मनात घोळत राहिला. तो आज वाचकांपुढे ठेवीत आहे.

फ्रान्समधील रस्ते

सायकलीची जन्मकथा एका देशाची नाही. 1817 साली जर्मनीत कार्ल फॉन द्राइस यांनी पायाने जमीन रेटीत चालवावयाची दुचाकी तयार केली. 1860 नंतरच्या दशकात पॅरिसमध्ये मिशो यांच्या कारखान्यात पुढच्या चाकाला पायटे बसविलेल्या दुचाक्या तयार होऊ लागल्या. इंग्लंडात 1885 साली स्टार्ली यांनी दोन सारख्या चाकांची, साखळीची सायकल बाजारात आणली आणि 1888 साली बेलफास्टच्या डनलॉप यांनी हवा भरलेला टायर बनविला. पण सायकल खेड्यापाड्यांतून दौडू लागली ती फ्रान्समध्ये. पॅरिस ते रूआँ ही एका शहरातून दुसऱ्या शहरापर्यंतची पहिली शर्यत 1869 साली झाली. 1891 साली पॅरिसहून पश्चिम किनाऱ्यावरील ब्रेस्तपर्यंत जाऊन परत येण्याची सुमारे 1200 किलोमीटरांची शर्यत झाली. शार्ल तेराँ या स्वाराने ती तीन दिवस पूर्ण होण्याच्या आत पार केली. आज ही शर्यत उरलेली नसून ठरलेल्या मुदतीत अंतर पुरे करण्याची सफर झाली आहे. ती दर चार वर्षांनी निघते आणि तिच्यात महाराष्ट्रातील सायकलस्वारही भाग घेतात.

1 जुलै 1903 रोजी ‘लोतो’ या वृत्तपत्राने आपला खप वाढविण्यासाठी ‘तूर द फ्रान्स’ ही देशाला वळसा घालणारी शर्यत सुरू केली. सहा टप्पे, 2428 किलोमीटर अंतर, साठ स्वार. त्यांपैकी एकवीसच शेवटपर्यंत पोहोचले. पहिला आला मोरिस गाराँ. लहानपणी धुराडी साफ करून पोट भरणारा हा मुलगा होता. 1910 साली ही शर्यत पिरेनीज पर्वतात शिरली आणि 1911 साली आल्प्समध्ये.

1913 सालची एक गोष्ट फ्रान्समध्ये अजून सांगितली जाते. यूजेन क्रिस्तोफ नावाचा स्वार तूरमाले घाट उतरत असताना त्याच्या सायकलीचा पुढचा चिमटा मोडला. दुसऱ्याची मदत घेण्यास नियमाने बंदी होती. त्याने सायकल खांद्यावर घेतली आणि दहा-बारा किलोमीटरांहून अधिक चालत तो पायथ्याच्या सेंत-मारी-द-कांपाँ या खेड्यात आला. तेथील लोहाराच्या भट्टीवर त्याने स्वतःच्या हाताने चिमटा जोडला. हे करताना लोहाराच्या पोऱ्याने भाता हलविला, म्हणून परीक्षकांनी त्याला वेळेचा दंड केला! ज्या खेड्याला कोणी ओळखत नव्हते ते भात्याच्या त्या चार हेलकाव्यांनी इतिहासात गेले.

सायकलीला एवढे चांगले रस्ते फ्रान्समध्ये कोठून आले? याचे उत्तर कायद्यात आहे. अठराव्या शतकातच तेथे पूल व रस्ते यांचे स्वतंत्र खाते उभे राहिले होते. 1836 साली झालेल्या कायद्याने आपल्या हद्दीतील गावरस्ते सुस्थितीत ठेवण्याची जबाबदारी प्रत्येक ग्रामपालिकेवर टाकली. शेतातून बाजाराला, बाजारातून चर्चला जाणाऱ्या वाटा अशा रीतीने पक्क्या झाल्या. सायकल आली तेव्हा रस्ता तिची वाट पाहत होता. आज जगभरचे हौशी स्वार द्राक्षमळ्यांतून, झाडांच्या सावलीतून ज्या वळणावळणाच्या रस्त्यांनी जातात त्यांचे मूळ तेथे आहे.

धर्मगुरू आणि दुचाकी

ख्रिस्तसभेने सायकलीचे स्वागत लगेच केले असे नाही. 1890 नंतरच्या दशकात इटलीतील काही महागुरुस्वामींनी आपल्या धर्मगुरूंना सायकलीवर बसण्यास मनाई केली होती. झग्यातील पाद्री पायटे मारीत चालला आहे हे दृश्य त्यांना अशोभनीय वाटे. पण आजाऱ्याच्या घरी वेळेवर पोहोचावयाचे तर घोडा पाळण्याची ऐपत प्रत्येकाला नव्हती. हळूहळू सायकल खेड्यातील धर्मगुरूची सोबतीण झाली.

पुढे तर तिला स्वतःची आश्रयदात्रीही लाभली. इटलीत कोमो सरोवराजवळच्या घिसाल्लो टेकडीवर पवित्र मरियेचे एक छोटे देऊळ आहे. तेथील मातेला 1949 साली पोप बारावे पायस यांनी सायकलस्वारांची आश्रयदात्री म्हणून घोषित केले. दक्षिण फ्रान्समधील लाबास्तीद-दार्मान्याक या खेड्याजवळ एक पडीक, मध्ययुगीन देऊळ होते. तेथील धर्मगुरू जोसेफ मासी यांनी ते सायकलस्वारांच्या मातेला वाहण्याचे ठरविले. 1959 साली पोप तेविसावे जॉन यांच्या संमतीने ते ‘सायकलस्वारांची माता’ या नावाचे तीर्थस्थान झाले. आज त्याच्या भिंती नामवंत स्वारांनी अर्पण केलेल्या सदऱ्यांनी भरलेल्या आहेत. आपल्याकडे नवसाचे मेणाचे हातपाय वाहतात, तसेच हे म्हणावयाचे.

वाचकांना एक योगायोग सांगण्यासारखा आहे. ज्या 1949 साली घिसाल्लोच्या मातेला हा मान मिळाला, त्याच साली आपल्या हरेगावात मतमाउलीची यात्रा सुरू झाली. तिकडे शर्यतीचे स्वार चढ चढून मातेला नमस्कार करीत होते. इकडे बैलगाड्यांनी, पायी आणि पुढे सायकलींनी आपले लोक सप्टेंबरच्या चिखलातून हरेगावची वाट चालत होते.

सॅव्हॉय ते गोदाकाठ

फ्रान्सच्या खेड्यांचा आपल्या भागाशी याहून जवळचा संबंध आहे. आल्प्सच्या कुशीत सॅव्हॉय प्रांतात आनसी नावाचे गाव आहे. सतराव्या शतकाच्या आरंभी संत फ्रान्सिस द सेल्स हे तेथे राहून महागुरुस्वामीपद सांभाळीत. त्यापूर्वी 1594 साली, तरुण धर्मगुरू असताना, ते शाब्ले या भागात पायी निघाले. लोक त्यांचे प्रवचन ऐकण्यास येत ना. तेव्हा हाताने लिहिलेली पत्रके ते घरोघरच्या दाराखालून आत सारीत. याच कारणाने 1923 साली पोप अकरावे पायस यांनी त्यांना पत्रकार व लेखक यांचे आश्रयदाते ठरविले. तेव्हा या त्रैमासिकाचेही ते आश्रयदाते आहेत!

त्यांच्या नावाने 1838 साली आनसी येथे मिशनरी संघ स्थापन झाला आणि 1845 साली त्याचे धर्मगुरू हिंदुस्थानात आले. त्याच संघाचे फादर गुरियन जाकिये हे गोदावरीपलीकडे, वैजापूर तालुक्यातील घोगरगाव येथे राहिले आणि तेथल्या मातीत मिसळून गेले. त्या भागात ख्रिस्ती व हिंदू दोघेही त्यांचे नाव आदराने घेतात. आनसीजवळच्या आराव्हीच्या घाटातून 1911 साली ‘तूर’चे स्वार प्रथम गेले, त्या सुमारास त्या डोंगरांतले धर्मगुरू मराठवाड्याच्या काळ्या रानात मराठी बोलू लागले होते. मायदेशी घाटाला डांबराचा रस्ता झाला तेव्हा ते येथे चिखलात पाय रोवून उभे होते.

नगरचे रस्ते

गोदावरीच्या अलीकडे, म्हणजे आपल्या अहमदनगर जिल्ह्यात (2024 सालापासून अहिल्यानगर), केंदळ, वळण, राहाता, संगमनेर ही कॅथलिक मिशनची जुनी केंद्रे. येथे काम केले ते मुख्यतः जर्मन आणि पुढे स्विस येशूसंघीय धर्मगुरूंनी. दौंड-मनमाड रेल्वे 1878 साली सुरू झाली. पण रेल्वे स्टेशनपर्यंतच जाते. स्टेशनापासून वाडीपर्यंतची वाट माणसाने चालावयाची असते.

आणि ती वाट कोणी घडविली? फ्रान्समध्ये गावरस्ता कायद्याने झाला असे वर म्हटले. आपल्याकडे तो बहुतांशी दुष्काळाने झाला. 1876 ते 1878 चा दुष्काळ, पुढे 1896 आणि 1899 चे दुष्काळ, या प्रत्येक वेळी सरकारने दुष्काळी कामे काढली आणि उपाशी माणसांनी खडी फोडून रस्ते केले, तळी खणली. 1972 च्या दुष्काळातही तेच झाले. माझी आई तेव्हा खडी फोडावयास जाई आणि मी तिच्या कडेवर असे. दुपारी सुकडी मिळे. आई म्हणत असे, “ह्या सडकेखाली आमची बोटं हाईत.” पुढे रोजगार हमी योजनेचा कायदा झाला त्याचे मूळ या कामांत आहे. आज आपण ज्या रस्त्यांवरून मोटारसायकल भरधाव नेतो ते रस्ते भुकेने बांधलेले आहेत हे विसरू नये.

दुसरी वाट पाण्याने दिली. भंडारदऱ्याचे धरण 1926 साली पुरे झाले. ओझरच्या बंधाऱ्यापासून प्रवरेचे दोन पाट निघाले. डावा पाट राहाता-श्रीरामपूरच्या बाजूला, उजवा राहुरीच्या बाजूला. पाटावर देखरेख ठेवण्यासाठी कडेने रस्ता ठेवावा लागतो. हा रस्ता सपाट, चढ-उतार नसलेला आणि बाभळींच्या सावलीचा असतो. ऊस आला, हरेगावात बेलापूर कंपनीचा कारखाना उभा राहिला, 1950 नंतर लोणीला विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकाराने सहकारी कारखाना चालू झाला. मजूर आले, वाड्या वाढल्या. या वाड्यावाड्यांना जोडणारी जी वाट होती ती पाटाची. आमच्या मास्तरांची सायकल या वाटेवर धावली.

मास्तर

मास्तर म्हणजे मिशनच्या शाळेचा शिक्षक आणि त्याच वेळी धर्मशिक्षकही. आठवडाभर तो मुलांना बाराखडी शिकवी. रविवारी, फादर दुसऱ्या गावी असत तेव्हा, तो लोकांना जमवून प्रार्थना घेई, शुभवर्तमान वाची, गाणी म्हणे. आजारी कोण, कोणाच्या घरी बाळ झाले, कोणाचे भांडण कोर्टात जाण्याच्या बेतात आहे, ही सारी खबर फादरांना त्याच्याकडून मिळे.

1914 साली पहिले महायुद्ध सुरू झाले तेव्हा या माणसाची किंमत कळली असावी. जर्मन नागरिक इंग्रज सरकारचे शत्रू ठरले. त्यांच्यासाठीची मोठी स्थानबद्ध छावणी नगर शहरातच होती! जर्मन येशूसंघीयांनाही स्थानबद्ध करण्यात आले आणि पुढे त्यांना मायदेशी पाठविण्यात आले. पुण्याचे महागुरुस्वामी हेन्री डोरिंग हेही जर्मन. ते 1921 साली जपानमध्ये हिरोशिमाला नेमले गेले आणि 1927 साली पुण्याला परतले. मधल्या वर्षांत धर्मगुरूंची संख्या रोडावली असताना वाडीवाडीवर क्रुसाची खूण करावयास मुलांना कोणी शिकविले असेल? मास्तरांखेरीज दुसरे कोणी मला दिसत नाही. तेव्हा ते बहुधा पायीच जात. सायकल खेड्यातल्या शिक्षकाच्या आवाक्यात आली ती देशी कारखाने निघाल्यावर. मुंबईला हिंद सायकल 1939 साली, मद्रासला टी. आय. सायकल्स 1949 साली, सोनपतला अॅटलस 1951 साली आणि लुधियानाला हीरो 1956 साली सुरू झाली.

माझे वडीलही असेच मास्तर होते. त्यांची सायकल अॅटलस. रविवारी पहाटे ते निघत. कॅरिअरला पिशवी, तीत प्रार्थनेचे पुस्तक, गीतांचे पुस्तक, नोंदवही, धोतराचा एक पान्हा आणि पंक्चरचे सामान : घासकागद, सोल्युशन, पाना, जुन्या ट्यूबचे तुकडे. पाटाच्या कडेला बाभळी, म्हणजे काटे आलेच. ट्यूब तपासावयास पाण्याचे घमेले शोधावे लागत नसे. पाटातच बुडवावयाची आणि बुडबुडे पाहावयाचे. त्यांची एक वही माझ्याजवळ आहे. तीत एका रविवारची नोंद अशी : ‘गावे 4. पंक्चर 2. आजारी भेट 1. बाप्तिस्मा तयारी 1 कुटुंब. पाऊस.’

पाऊस या एका शब्दात पुष्कळ आले. काळ्या रानातला चिखल चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये गच्च बसतो. काडीने तो उकरून काढावयाचा, दहा पावले जावयाचे, पुन्हा उकरावयाचा. शेवटी सायकल खांद्यावर. क्रिस्तोफच्या खांद्यावरची सायकल जगाला माहीत आहे, ही नाही.

अशाच एका श्रावणातल्या रात्री एका वस्तीवर म्हातारबाबा अखेरच्या घटका मोजीत असल्याचा निरोप आला. फादरांची जीप चिखलात रुतलेली. वडिलांनी त्यांना कॅरिअरवर बसविले आणि पाटाने नेले. पाटावरचा मुरूम घट्ट होता म्हणून ते शक्य झाले. रुग्णाभ्यंग वेळेवर झाले. पहाटे घरी आल्यावर वडील आईला एवढेच म्हणाले, “फादर तसे हलके आहेत.”

आणखी एक गोष्ट त्यांनी मला मी सेमिनरीत गेल्यावर सांगितली. सुरुवातीच्या काळात काही गावांच्या वेशीतून जाताना ते सायकलीवरून उतरत आणि ती हातात धरून चालत. गावकुसाबाहेरच्या माणसाने वर बसून जावे हे तेथे कोणाला खपत नसे. कोणी तोंडाने बोलत नसे. नजर पुरे होई. पुढे त्यांनी उतरणे सोडले. केव्हा सोडले ते त्यांनाही नीट आठवत नव्हते. “पोरं शिकली, हळूहळू झालं,” एवढेच ते म्हणाले. मुक्तीचा इतिहास पुष्कळदा असा तारखेवाचून घडतो.

बोलू नये असे काम

जिनो बार्ताली हा इटलीचा थोर सायकलपटू. त्याने ‘तूर द फ्रान्स’ 1938 साली आणि पुन्हा 1948 साली जिंकली. 1948 च्या शर्यतीत बियारिट्झ ते लूर्द हा टप्पाही त्याचाच. त्याच्या मृत्यूनंतर, म्हणजे 2000 सालानंतर, जगाला एक गोष्ट विस्ताराने कळली. 1943-44 साली, जर्मन फौजा इटलीत असताना, फ्लॉरेन्सचे कार्डिनल एलिया डाल्ला कोस्ता यांच्या सांगण्यावरून तो फ्लॉरेन्स ते आसीसी असा सायकलीने जाई. शिपायांना वाटे, सराव चालला आहे. सायकलीच्या पोकळ नळ्यांत छळाला तोंड देणाऱ्या ज्यू कुटुंबांसाठी बनावट ओळखपत्रे दडविलेली असत. त्याने हे हयातभर मिरविले नाही. 2013 साली यद वाशेम या स्मारकसंस्थेने त्याचा गौरव केला.

बार्तालीचे मौन मोठे. पण त्याच्या मौनामागची गोष्ट शोधून काढणारे लोक त्याच्या देशात होते. आपल्याकडे मास्तर मौन राहिले आणि आपणही मौन राहिलो. या बाबतीत मी इतरांस दोष देण्यास मोकळा नाही. काही वर्षांपूर्वी मी ज्या धर्मग्रामात होतो त्याचा सुवर्णमहोत्सव झाला. स्मरणिकेचे संपादन मीच केले. सर्व धर्मगुरूंची छायाचित्रे, धर्मभगिनींची नावे, देणगीदारांची यादी, सारे छापले. मास्तरांसाठी एक ओळ लिहिली : ‘तसेच अनेक धर्मशिक्षकांचे सहकार्य लाभले.’ स्मरणिका मी वडिलांना नेऊन दिली. त्यांनी चष्मा लावून पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत ती वाचली आणि म्हणाले, “छपाई चांगली झाली आहे.” त्यांना जाऊन आता बरीच वर्षे झाली. ते वाक्य मला अजून झोपू देत नाही.

एकेकाळी धर्मगुरूंना सायकल निषिद्ध करणारे महागुरुस्वामी होते. 2021 साली व्हॅटिकनच्या क्रीडासंघाला आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेचे सदस्यत्व मिळाले. 1 जून 2025 रोजी इटलीच्या मोठ्या शर्यतीचे स्वार व्हॅटिकनच्या बागेतून गेले आणि पोप चौदावे लिओ यांनी त्यांचे स्वागत केले. ख्रिस्तसभा उशिरा का होईना, दुरुस्ती करते. मग आपणही करावी.

माळ्यावरची ती सायकल मी फेकू दिलेली नाही. वृद्ध मंडळींच्या घरी बसून विचारपूस केली तेव्हा तिसऱ्या घरात मास्तरांचे नाव कळले. पाचव्या घरात त्यांची नात भेटली. ते नाव आता नोंदवहीत धर्मगुरूंच्या यादीशेजारी शाईने लिहिले आहे. माझी वाचकांना विनंती आहे : आपापल्या धर्मग्रामातील मास्तरांची नावे, त्यांची गावे, ते कोणत्या वाटेने जात, हे ज्यांना आठवते त्यांच्याकडून आजच लिहून घ्या. सांगणारे थोडे उरले आहेत. पाटाला अजून आवर्तन येते, त्या कडेचा रस्ताही आहे. त्याने कोण गेले, एवढे मुलांना सांगता आले पाहिजे.